देवराई, जीर्णोद्धार आणि कपाटातली नोंदवही

प्रश्न: संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावात ग्रामदेवतेची सुमारे दोन एकरांची देवराई आहे. मंदिराचा जीर्णोद्धार करून सभामंडप आणि वाहनतळ बांधण्याचे मुंबईकर मंडळींनी ठरविले असून त्यासाठी काही जुनी झाडे तोडावी लागतील, असे म्हणतात. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, तिची नोंदवहीही आहे. मात्र ती उघडलेली कोणी पाहिलेली नाही. ही समिती काही करू शकते का? आणि एवढ्याशा राईसाठी भांडावे का?

उत्तर: आधी समितीविषयी. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने अशी समिती नेमायची असते आणि गावातील लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम. प्रत्यक्षात बराच काळ बहुतेक गावांना याचा पत्ताच नव्हता. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने समित्या व नोंदवह्यांचे काम पुरे करण्यास ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि ती न पाळणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, तेव्हा एकच धावपळ उडाली. त्या घाईत अनेक ठिकाणी बाहेरच्या माणसांनी शेजारच्या गावाचीच यादी थोडीफार बदलून उतरवली. आपल्या कपाटातली वही त्यांपैकी असण्याची शक्यता बरीच आहे.

झाड तोडू नका, असा हुकूम काढण्याचा अधिकार कायद्याने समितीला थेट दिलेला नाही, हे मनाशी पक्के असावे. व्यापारासाठी गावातली वनस्पती वा अन्य जैविक साधने गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेणे तिला शक्य आहे. आपल्या प्रश्नात त्याचा उपयोग नाही. उपयोग आहे तो नोंदीचा. ‘राईत जुनी झाडे व पक्षी आहेत’ हे वाक्य कोणत्याही कार्यालयात टिकत नाही. ‘देवळाच्या उत्तरेस, पाणवठ्यालगतच्या सातविणीच्या ढोलीत महाधनेश पक्ष्याचे घरटे, अमुक साली अमुक महिन्यात पाहिले, पाहणाऱ्यांच्या सह्या’ ही नोंद टिकते, कारण तिच्यामागे दुसरे कायदे उभे राहतात. महाधनेश वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. अनुसूचीतील पक्ष्याची अंडी वा घरटे बिघडवणे हीसुद्धा शिकारच ठरते.

वृक्षतोडीच्या १९६४ च्या राज्य कायद्यावर मात्र सगळी भिस्त ठेवू नये. त्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस अशी झाडे आहेत व ती तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सातवीण आणि पायर या यादीत नाहीत. ज्या झाडांच्या लाकडाला भाव, त्यांनाच संरक्षण, असा हा जुना हिशेब आहे. धनेशाला ज्यांची ढोली किंवा फळे हवीत, त्यांना त्यात जागा नाही. म्हणून नोंदवहीत या झाडांची नोंद अधिक बारकाईने व्हायला हवी.

आता दोन एकरांचे महत्त्व. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा व अन्नाचा चोथा लिंपून तोंड बुजवून घेते; फक्त चोच बाहेर येईल एवढी फट उरते. पुढचे काही महिने नर त्या फटीतून तिला आणि नंतर पिलांना वड, पायर, उंबराची फळे भरवतो. कोकणात हा काळ साधारण शिमग्याच्या आगेमागे येतो आणि गावचे मोठे निर्णयही तेव्हाच होतात. शेतीबागायतीत एवढी रुंद ढोली असलेले झाड सहसा राखले जात नाही. ते देवराईत टिकले, कारण तिथे कोयता चालवायला माणसे भीत होती. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून या लहान तुकड्यांचे मोल शास्त्रीय भाषेत मांडले. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील रानजायफळाची दलदल हेक्टरांत मोजली तर तीनही भरत नाही. तेथे चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली, हवा घेणारी मुळे दिसतात आणि शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली आहे.

प्रश्न: आमची राई वारसा स्थळ झाली तर जमीन वनखात्याकडे जाईल आणि पूजाअर्चा बंद होईल, अशी गावात भीती आहे.

उत्तर: ही भीती निराधार आहे. जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७ खालील वारसा स्थळाची घोषणा राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून करते. तिने मालकी बदलत नाही आणि गावाने स्वतःहून ठरविलेल्या निर्बंधांखेरीज चालू वहिवाटीवर बंधने आणणे हा तिचा हेतू नाही, असे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी कुंडाला असा दर्जा मिळाला, तो तेथे सापडलेल्या एका लहान माशामुळे, आणि तेथे शंकराचे देऊळ आहे. तरीही आधी सातबारा पाहावा. कोकणात राई कोठे देवस्थानच्या नावे, कोठे महसूल खात्याकडे, तर कोठे सामाईक खातेदारांच्या नावे असते. प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो.

प्रश्न: तोडलेल्या प्रत्येक झाडामागे पाच रोपे लावण्याची तयारी मंडळींनी दाखविली आहे.

उत्तर: रोपे जरूर लावावीत, पण राईबाहेर आणि या सौद्यात न धरता. रोपाला ढोली पडायला कैक दशके जावी लागतात. शिवाय अशा वेळी आणली जाणारी रोपे बहुधा रोपवाटिकेत सहज मिळणारी शोभेची असतात. त्यापेक्षा सभामंडप जुन्या देवळाच्या जोत्यापुरताच ठेवावा आणि वाहनतळ रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत करावा, असा पर्यायी नकाशा ग्रामसभेत मांडावा. त्याला नोंदवहीतली पाने जोडावीत.