फोनवरची कविता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फेसबुकवर टाकलेल्या कवितेच्या ओळी भलतीकडेच मोडतात. चित्र करून टाकली तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. काय करावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. फोनच्या अरुंद पडद्यावर ओळ साधारण तीस अक्षरांपुढे गेली की उरलेली खाली उतरते, आणि वाचणाऱ्याला वाटतं कवीनेच तिथे तोडली. लांब ओळींची कविता चित्रातच बरी. इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल, एका चित्रात दहा-बारा ओळी. पुढच्या चित्रावर जाताना कडवं मधेच कापू नका.

‘ऱ्या’चं दुखणं मात्र कळफलकातलं. काही कळफलक साध्या ‘र’ला हलन्त (पाय मोडायची खूण) देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. कॉपी-पेस्टमध्ये ते गळलं की रफार उरतो. नुक्ता (खाली टिंब) असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असं टाइप केलंत तर ही भानगड होत नाही. फॉन्ट मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या. गुगल फॉन्ट्सवर दोन्ही फुकट आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, मराठी कवितेत ते आम्हाला तरी खटकतात.

चित्राखाली कॅप्शनमध्ये पूर्ण कविता द्याच. नाहीतर ती शोधात सापडत नाही आणि अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरलाही नीट वाचता येत नाही. इन्स्टाग्रामची मर्यादा २,२०० अक्षरांची आहे, पण त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात.

प्रश्न : माझी कविता व्हॉट्सॲपवर नावाशिवाय फिरते आहे. (पुणे)

उत्तर : शेवटी लिहिलेलं नाव सगळ्यात आधी गळतं. ते शीर्षकाच्याच ओळीत लिहा. चित्रात कोपऱ्यात नको, दोन कडव्यांच्या मधे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली की हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. तारीख दिसणारी मूळ पोस्ट पुसू नका, पुरावा तोच. फेसबुक-इन्स्टाग्रामवर लिंक देऊन तक्रार करता येते. व्हॉट्सॲपवर पांगलेली कविता मागे घेता येत नाही, तो नाद सोडा.

प्रश्न : कुसुमाग्रजांच्या कविता रीलमध्ये वाचल्या तर चालतं? (बेळगाव)

उत्तर : हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, म्हणजे अख्खी कविता वाचायला २०५९अखेरपर्यंत हक्कदारांची परवानगी हवी. केशवसुत, बालकवी खुले आहेत. आणि ‘कुसुमाग्रजांची’ म्हणून फॉरवर्ड आलेली कविता आधी त्यांच्या संग्रहात शोधा. त्यांनी न लिहिलेलंही त्यांच्या नावावर बरंच फिरतं.