भारतात लोक गाडीतलं एडीएएस (ब्रेक, वेग, स्टिअरिंगमध्ये चालकाला मदत करणारी यंत्रणा) बंद का ठेवतात? कायदा आडवा येतो की आपली चालवण्याची पद्धत?

सध्या तरी पद्धतच जास्त आडवी येते. लेव्हल २ पर्यंतच्या सुविधांना (गाडी वेग आणि स्टिअरिंग सांभाळते, पण लक्ष चालकानेच ठेवायचं) आपल्याकडे बंदी नाही. 'चालकविरहित गाड्या येऊ देणार नाही, लोकांचे रोजगार जातील,' असं गडकरी २०१७ मध्येच म्हणाले होते, पण तो पुढचा टप्पा. एडीएएस असलेली गाडी स्वतः चालवतो, म्हणून सांगतो: पुणे-सातारा रस्त्यावर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप कमी-जास्त करणारी सुविधा) पुढे अंतर सोडतं, त्या फटीत लगेच कोणीतरी बाइक घालतो, गाडी ब्रेक मारते आणि मागचा हॉर्नवर हात ठेवतो. इंडिकेटर न देता लेन बदलायची सवय असेल (कोणाला नसते!) तर लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवणारी सुविधा) स्टिअरिंग उलटं ओढतं. समृद्धीवर मात्र दुचाकींना बंदी आहे, तिथे क्रूझ छान चालतं. कायद्याचा फरक दिसतो तो जर्मनीत: २०१७ मध्ये वाहतूक कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात मर्सिडीजच्या लेव्हल ३ यंत्रणेला (ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः चालते, चालकाला सतत रस्त्यावर नजर ठेवावी लागत नाही) मान्यता मिळाली, तीही ठरावीक महामार्गांवर, तेव्हा ताशी ६० किमीपर्यंतच. आपल्याकडे जबाबदारी पूर्णपणे चालकाचीच. गर्दीत लेन असिस्ट बंद ठेवा हवं तर, पण आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक बंद करू नका.