डिसेंबरचं लग्न, एच-४ व्हिसा आणि घरातली बैठक

तुझं लग्न डिसेंबरात. मुलगा अमेरिकेत डॅलसला, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, त्याला रजा तीन आठवड्यांची. आणि दोन्हीकडची मंडळी धरून चालली आहेत की अक्षता पडल्या की पंधरा दिवसांत तू त्याच्याबरोबर विमानात बसणार. तुझ्या पत्रात मी इथेच अडकले. नोकरी कधी सोडू, नाव बदलू का, सोनं किती नेऊ, आईला कसं समजावू, हे सगळं सांगते, पण आधी एवढं ऐक: पंधरा दिवसांत तू जाणार नाहीस. हे घरात आजच सांग, कार्यालयाचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी.

एच-४ हा एच-१बीवाल्याच्या बायकोचा व्हिसा. साखरपुडा झालाय, पत्रिका छापल्यात, याला तिथे काही किंमत नाही. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र हातात आलं की डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, २०५ डॉलर फी भरायची आणि मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीची तारीख शोधायची. तारीख मिळेल तेव्हा मिळेल. त्यात १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ वाल्यांची सोशल मीडियावरची खातीही तपासतात, ती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवावी लागतात. हे सुरू झालं तेव्हा भारतातल्या कितीतरी जणांच्या ठरलेल्या तारखा काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. त्यात नुसत्या बायका नव्हत्या, स्टॅम्पिंगसाठी, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घ्यायला आलेले नवरेही भारतातच अडकले. म्हणून त्याला पहिला प्रश्न हा विचार: तुझ्या पासपोर्टवरचा व्हिसा चालू आहे ना, की लग्नाला आल्यावर तुलाही स्टॅम्पिंग करायचंय? करायचं असेल तर अडकायचा धोका त्यालाही आहे. ते त्याच्या मॅनेजरला आधीच ठाऊक असलेलं बरं.

माझं सांगते. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावची, आता अमेरिकेत. लग्न २०१४ च्या डिसेंबरात झालं, तेही अगदी तुझ्यासारखंच, त्याच्या रजेत कोंबून. ग्रहमख, हळद, सीमांतपूजन, लग्न, सत्यनारायण, गोंधळ, सगळं सहा दिवसांत. सातव्या दिवशी नोंदणीला गेलो. समोरच्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला, पत्रिकेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथं चि. सौ. कां. राणी आहे. फॉर्मात वैशाली. मग लग्न नेमकं कुणाचं झालं?” मला घरात सगळे राणी म्हणतात. पत्रिका काकांनी लिहून दिली होती आणि त्यांना दुसरं नाव सुचायचं काही कारणच नव्हतं. मग दोन्ही नावं एकाच मुलीची असं प्रतिज्ञापत्र. तोवर तीन साक्षीदारांपैकी मामा सोलापूरला परत, मैत्रीण बंगळूरला, आणि ज्यांची सही लागते ते गुरुजी सुगीच्या दिवसांत असतात तसे, या मांडवातून त्या मांडवात. मध्ये नाताळ, शनिवार-रविवार. प्रमाणपत्र ३१ तारखेला मिळालं, नवरा १ तारखेला गेला. नंतर पाहिलं तर इंग्रजी नावात एक अक्षर कमी. चूक आमचीच, अर्ज दिराने घाईत भरला होता. ते दुरुस्त करून, व्हिसा होऊन मी निघाले एप्रिलमध्ये. साडेतीन महिने सासरी होते, नोकरी सोडलेली, नवरा फोनवर. सासूबाई चांगल्या होत्या म्हणून निभलं. पण हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई “अजून इथंच?” असं विचारून जायची.

तर आता तुझ्यापुढे दोन वाटा आहेत.

एक, डिसेंबरातच सगळं करायचं आणि तू मागाहून जायचं, हे उघड मान्य करून. मग मुहूर्त त्याच्या रजेच्या पहिल्या आठवड्यात घ्या. गुरुजींची सही, त्यांच्या ओळखपत्राची प्रत, तीन साक्षीदारांची आधार कार्डं आणि फोटो मांडवातच गोळा कर. हे काम करवलीला देऊ नकोस, ती दिवसभर फोटोत असते. एखादा चुलतभाऊ पकड, ज्याला जेवणाच्या पंगतीशिवाय उद्योग नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी होते, ज्ञापनाचा नमुना ‘ड’. लग्नापासून ९० दिवसांत केली तर दंड नाही. पण तुझी मुदत ९० दिवसांची नाहीच, तो परत जाईपर्यंतची आहे, कारण नोंदणीला दोघांनी समोर उभं राहावं लागतं.

दुसरी वाट म्हणजे आधी कागदाचं लग्न, नंतर मांडवातलं. माझ्या धाकट्या चुलतबहिणीने हेच केलं आणि मी तुलाही हेच सांगेन. पण इथे एक खड्डा आहे, नीट वाच. बरेच लोक काय करतात, विधी न करताच एखाद्या संस्थेचा ‘लग्न लागलं’ असा दाखला मिळवतात, त्यावर हिंदू विवाह म्हणून नोंदणी उरकतात, व्हिसा काढतात आणि सहा महिन्यांनी खरं लग्न करतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात सांगितलं की आवश्यक विधी झालेच नसतील तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्नच नाही, नुसत्या प्रमाणपत्राने ते होत नाही. ते जोडपंही सोहळा पुढे ठेवून आधी नोंदणी केलेलंच होतं. तेव्हा व्हिसासाठी खोटी तारीख टाकून फॉर्म भरून देणारा एजंट कुणी सुचवला तर हात जोड.

सरळ मार्ग आहे १९५४ चा विशेष विवाह कायदा. यात विधी लागत नाहीत. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, कुणाची हरकत आली नाही तर नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांसह सह्या. त्या दिवशी मुलगा समोर हवाच, म्हणजे त्याला डिसेंबरच्या आधी आठवडाभर एकदा यावं लागेल. तिकिटाचा खर्च वाढतो, खरं आहे. पण माझे साडेतीन महिने आणि गेलेले पगार मोजले तर ते तिकीट स्वस्त पडलं असतं. नोटीस देताना त्याचं काय काय लागेल, ते जिल्ह्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात तू स्वतः जाऊन विचार. फोनवर प्रत्येक वेळी वेगळं सांगतात.

आता घरातलं. तू लिहिलंस की आई म्हणते, “सह्या झाल्या की मुलगी त्यांची झाली, मग मांडवात कन्यादान कशाचं करू?” आणि बाबांना भीती की मधल्या काळात मुलगा फिरला तर. हे वेडेपणाचं बोलणं नाही, माझ्या काकूनेही हेच शब्द वापरले होते. बहिणीच्या वेळी ठरलं ते असं: ऑगस्टमध्ये सह्या, दोन्हीकडची मिळून बारा माणसं, घरी येऊन श्रीखंड-पुरी. हळद नाही, मंगळसूत्र नाही, फोटो कुणी कुठे टाकायचे नाहीत. मुलगी माहेरीच राहणार. केळवणं, रुखवत, मानपान सगळं डिसेंबरला. काकूचं समाधान कशाने झालं, माहितीये? गुरुजींना विचारून. ते म्हणाले, सरकारी सही म्हणजे सप्तपदी नव्हे, कन्यादानाला काही बाधा नाही. आम्ही पंधरा दिवस घसा कोरडा केला होता, गुरुजींनी दोन मिनिटांत संपवलं. तुझ्या आईचं ज्यांच्यावर मन बसतं त्या माणसाला आधी गाठ. आणखी एक, घरातले कायदेपंडित काका विचारतीलच की असं लग्न केलं तर वारसाहक्क बदलतो का. दोघंही हिंदू असतील तर नाही, १९७६ च्या दुरुस्तीने ते स्पष्ट केलंय.

बाबांच्या भीतीचं उत्तर मात्र गुरुजींकडे नाही. सह्या झाल्या की तू कायद्याने बायको, मागे फिरायचं तर घटस्फोट. म्हणून सह्यांच्या आधी बैठकीत कागद मागायचे, लाजायचं नाही. आपल्याकडे याद करताना नारळ किती, साड्या किती हे पानभर लिहितात आणि मुलाचा आय-७९७, म्हणजे एच-१बी मंजुरीचा कागद, कुणी बघत नाही. तो बघा, एच-१बीची मुदत त्यावरच असते. तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि कंपनीचं पत्र तुझ्या व्हिसालाही लागणारच आहेत, मग आधीच दिसलेले काय वाईट? आणि विचारा, आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालाय का? हा प्रश्न तुझ्या नोकरीचा आहे. एच-४ वर काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून ज्यांच्या नवऱ्याचा आय-१४० मंजूर आहे (किंवा ज्याचा एच-१बी ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे सहा वर्षांपुढे वाढलाय) त्यांना वर्क परमिट मागता येतं. मी इथे उतरल्यावर महिना-दीड महिन्यात तो नियम आला, पेढे वाटायचेच बाकी होते. आमचा आय-१४० झाला २०१८ मध्ये. तोवर तीन वर्षं मी लायब्ररीत पुस्तकं लावायला जायचे, विनामूल्य. आता तर परमिटचं नूतनीकरण वेळेत आलं नाही तर पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढही मिळत नाही, ऑक्टोबर २०२५ अखेरपासून ती सोय बंद केली. शिकायला मात्र एच-४ वर बंदी नाही. तुझ्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट्स आत्ताच सीलबंद काढून ठेव, अमेरिकेतून मागवताना जीव जातो.

नोकरी आज सोडू नकोस. व्हिसाचा शिक्का लागलेला पासपोर्ट हातात आला की राजीनामा, त्याआधी नाही. आणि पुण्याच्या कंपनीचं काम तिकडून लॅपटॉपवर चालू ठेवेन असं जे तू लिहिलंयस, ते वकिलाला विचारल्याशिवाय मनातही आणू नकोस.

नाव. पासपोर्टवर आहे तेच नाव सगळीकडे: पत्रिका, नोंदणी, डीएस-१६०, तिकीट. अक्षर न् अक्षर. लाडाचं नाव कंसात टाका, हौस भागते. लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावायची सक्ती कुठलाच कायदा करत नाही, आणि जुन्या नावाच्या पासपोर्टवर एच-४ व्यवस्थित मिळतो. बदलायचंच असेल तर पुढे सावकाश बदल. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला आत्याबाई ‘अनुराधा’ ठरवून आल्या होत्या. तांदळाचं ताट समोर, नवऱ्याच्या हातात अंगठी, सगळ्या बायका वाकलेल्या. मी आदल्या रात्रीच त्याला सांगून ठेवलं होतं. त्याने शांतपणे ‘वैशाली’ लिहिलं. आत्याबाई म्हणाल्या, “अरे, हे तर आधीचंच!” तो म्हणाला, “मला हेच आवडतं.” विषय संपला. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला हे आत्ताच सांगून ठेव, आयत्या वेळी तो मामींच्या दबावाखाली काय लिहील सांगता येत नाही.

दुसरी वाट घेतलीस तर कागदोपत्री लग्नाची तारीख एकच, सह्यांची. डिसेंबरच्या लग्नाची वेगळी नोंदणी करू नका, दोन प्रमाणपत्रं म्हणजे दोन उत्तरं. मुलाखतीत विचारलं तर जे आहे ते सांगायचं: नोंदणी या दिवशी, समारंभ त्या दिवशी. सह्यांच्या दिवशी दोन्हीकडच्या आईवडिलांसोबतचे साधे फोटो काढ, प्री-वेडिंगचे ते धुरातले फोटो तिथे उपयोगाचे नाहीत. इथे उतरल्यावर पहिल्या आठवड्यात आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेशाची नोंद, ऑनलाइन काढून त्यावरची तारीख आणि नाव तपास. आणि स्वतःचा पासपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये. “हरवेल, माझ्याकडे दे” असं प्रेमाने म्हणाला तरी.

सोनं: मंगळसूत्र, रोजच्या बांगड्या, एखादा हलका सेट. बाकी स्त्रीधन तुझ्या नावाच्या लॉकरमध्ये, आणि त्याची फोटोंसकट यादी तुझ्याकडे. जरा जास्त नेणार असशील तर जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घे, नाहीतर परत येताना ते सोनं बाहेरून आणलं नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. शालू नेऊ नकोस. दोन पैठण्या पुरतात, मंडळाच्या गणपतीला आणि संक्रांतीला. दाताची कामं भारतातून निघायच्या आधी उरक, चष्मे दोन कर. ताजा कढीपत्ता आणि फळं बॅगेत नकोत, अमेरिकेत विमानतळावर काढून घेतात. गोडा मसाला, मेतकूट, कुकरच्या जास्तीच्या रिंगा आण. आणि आई खलबत्ता देईल. माझ्या आईने दिला होता, पाच किलोचा, २३ किलोच्या बॅगेत. मुंबईला काउंटरवर बॅग उघडून मी त्याच्यासाठी चार सलवार-कमीज बाबांच्या हातात काढून दिले. इथे डॅलसजवळच्या प्लेनोतल्या देशी दुकानात तसाच मिळतो.