रिकाम्या झाडाचीही नोंद कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कॅनडातल्या एरी सरोवरात शिरलेल्या पॉइंट पेलीच्या टोकावर संध्याकाळी उभी राहिलीस आणि एकही मोनार्क फुलपाखरू झाडावर उतरलं नाही, याचं वाईट वाटणं मी समजू शकते. पण पुढे तू लिहितेस, ‘वहीत काय लिहिणार काकू, काही नव्हतंच.’ तिथे माझं डोकं फिरलं. काही नव्हतं, हेच लिहायचं! तारीख, वेळ, वारा, तापमान, कुठलं झाड, आणि पुढे शून्य.

त्या दिवशी वारा कुठला होता, ते तरी पाहिलंस का? उत्तरेचा वारा आणि स्वच्छ ऊन असलं की ती थांबत नाहीत, एरी सरोवर ओलांडून ओहायोकडे निघून जातात. वारा दक्षिणेचा असला की टोकाशी अडकतात. मग दिवस कलायला लागला की रेड सीडरच्या, हॅकबेरीच्या फांद्यांवर, वाऱ्याच्या आडोशाला जमायला लागतात. मिटलेले पंख बाहेरून फिके असतात, त्यामुळे आधी वाळकी पानंच वाटतात. उशिरा आलेलं एखादं जागा शोधत फांदीला खेटलं की बसलेली भराभर पंख उघडतात आणि सगळी फांदी केशरी होते. तेव्हा मोजायला जाऊ नकोस. मिटू देत. एका फांदीवरची नीट मोज, मग तशा फांद्या किती ते बघ. आणि एकही नसलं तर शून्य लिही.

जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाचा हा जीव, हिवाळा काढायला कधीही न पाहिलेल्या मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांकडे 3,000 किलोमीटरहून जास्त जातो, हे तुला मी सांगायला नको. पण तो कुठे जातो हे कसं कळलं, ते आठव. टोरांटोच्या फ्रेड अर्कहार्ट यांनी 1937 साली शोध सुरू केला. ते आणि नोरा अर्कहार्ट यांनी हजारो स्वयंसेवकांकडून पंखांवर चिठ्ठ्या लावून घेतल्या. हिवाळ्यातली त्यांची जागा सापडली जानेवारी 1975 मध्ये, केन ब्रुगर आणि कातालिना अग्वादो यांना. पुढच्या वर्षी अर्कहार्ट स्वतः तिथे पोहोचले, तेव्हा मिनेसोटातल्या शाळकरी मुलांनी लावलेली एक चिठ्ठी त्यांच्या हाती आली. ज्यांच्या चिठ्ठ्या कधीच सापडल्या नाहीत, त्यांनीही त्या तितक्याच निगुतीने लावल्या होत्या ना?

तू विचारतेस, शेतात-जंगलात उभं राहायचं की कॉम्प्युटरवर मॉडेलं करायची. खुशाल मॉडेलं कर. पण त्यात घालायचे आकडे कुणीतरी उन्हावाऱ्यात उभं राहून आणलेले असतात. मेक्सिकोतल्या हिवाळी वस्त्या 1996-97 मध्ये 18 हेक्टरांवर होत्या, 2013-14 मध्ये एका हेक्टरच्याही खाली गेल्या. न्यू जर्सीच्या केप मे इथे शरदात रोज ठरल्या रस्त्यावरून गाडी हाकत मोनार्क मोजतात. तिथल्या आकड्यांत मात्र तेवढी उतरण दिसली नाही. वाद पेटला, अजून चालू आहे. कमी नेमकी कुठे होतात, उन्हाळ्यात की वाटेत? हा प्रश्न विचारता तरी आला, कारण काही न दिसलेल्या दिवशीही ती माणसं घरी बसली नाहीत.

माझ्या आधी या टोकावर येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या वह्या माझ्याकडे आल्या आहेत. सुंदर अक्षर. पण पानापानावर फक्त भरलेल्या झाडांच्या तारखा. मधल्या संध्याकाळी त्या आल्याच नाहीत, की आल्या आणि झाड रिकामं बघून परतल्या? विचारायला त्या आता नाहीत. त्या वह्या उघडल्या की माझा जीव तळमळतो, आणि माझ्यामागून येणाऱ्या कुणाचाही तळमळू नये म्हणून मी हट्टाने शून्यं लिहीत आले. मोनार्कचे दिवस आणि आपले गणपतीचे दिवस बहुतेक एकत्रच येतात. गौरी जेवल्या की हात पुसून गाडी काढणारी बाई, म्हणून विंडसरच्या मराठी घरांत माझं नाव झालं. ‘काही दिसलं का?’ असं विचारत, आणि ‘नाही’ म्हटलं की एकमेकींकडे बघत. बघू देत. माझ्या वहीत ती ‘नाही’ तारीखवार लिहिलेली आहेत आणि त्यांतल्या एकाचीही मला लाज वाटत नाही. आरत्या चुकल्या, त्याची रुखरुख आहे. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा चुकवीन.

शनिवारी दक्षिणेचा वारा सांगितला आहे. मी दुपारीच निघते, येणार असशील तर फोन कर. पेन्सिल आण, दवात शाई पसरते. आणि गेल्या आठवड्यातल्या संध्याकाळी आजच लिहून काढ. नक्की गेली होतीस आणि नक्की काही नव्हतं, तिथे शून्य घाल. गेलीच नव्हतीस, किंवा आठवत नाही, तिथे शून्य घालू नकोस, ती जागा कोरी राहू दे.

तुझी,
काकू