ओठावर हर्पिस उठलंय, बहिणीच्या बाळाच्या बारशाला जाऊ का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: डॉक्टरांनी ओठावरच्या फोडांना हर्पिस म्हटलं, म्हणजे हा गुप्तरोग का? आणि रविवारी बारशाला जावं का? फोंड्याला माझी फार्मसी आहे. पहिला प्रश्न लोक काउंटरवर वाकून, हळू आवाजात विचारतात. दुसरा सहसा कोणी विचारत नाही, आणि खरी काळजी तिथेच आहे.

पहिल्याचं उत्तर लहान आहे. ओठावर येतो तो बहुतेक वेळा हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचा टाइप १. तो बहुतेकांना लहानपणीच घरच्यांच्या लाळेतून लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे. लैंगिक संबंधातून पसरतो तो मुख्यतः टाइप २. पण मुखमैथुनातून टाइप १ही गुप्तांगाला लागू शकतो, तेव्हा फोड असताना तेही टाळा. एकदा शिरलेला विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो. ताप, जागरण, पाळी, कडक ऊन असं निमित्त मिळालं की वर येतो. शिगम्यात दिवसभर उन्हात नाचलेली मंडळी नंतर ओठ झाकून मलम मागायला येतात, ते यामुळेच.

आता बारसं. बाराव्या दिवसाच्या बाळाची प्रतिकारशक्ती अगदीच कोवळी असते. ओठावरचा हा क्षुल्लक फोड त्याच्या यकृतात, मेंदूत पोचला तर जिवावर बेततं. खपली पडून कातडी साफ झाली नसेल तर बाळाला घेऊ नका, पापा तर मुळीच नको. मावशी असून बाळाला हात लावत नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. जेवायला जरूर जा, मास्क लावा, हात साबणाने धुवा. बहिणीलाही सांगून ठेवा: बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलंय, ताप आहे किंवा अंगावर पाणीदार फोड दिसले, तर सकाळची वाट न बघता बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्यायचं.

दुसरी जपायची जागा म्हणजे डोळा. फोडाला लावलेलं बोट डोळ्याला नको. एक डोळा लाल झाला, उजेड सोसेना, पाणी येऊ लागलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरात पडलेले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर बुबुळावरची जखम पसरते आणि नजर कायमची अधू होऊ शकते. असे थेंब चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांशी माझी भांडणं होतात.

औषध अॅसायक्लोव्हिर. विषाणू शिरलेल्या पेशीतच ते कामाला लागतं, म्हणून बाकी शरीराला फारसा त्रास नाही. मात्र दडून बसलेल्या विषाणूला ते काही करू शकत नाही. मलमाने एखादा दिवस वाचला तर वाचला. गोळ्यांचा उपयोग ओठ चुरचुरायला लागल्याबरोबर सुरू केल्या तर जास्त. चिठ्ठी मात्र लागते, तेव्हा वरचेवर होत असेल तर डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आणि वापरलेली ट्यूब घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका.