रोज प्रार्थना करूनही मोह सुटत नाही, तेव्हा

‘रोज प्रार्थना करतो, तरी मोह काही सुटत नाही. देव माझं ऐकत नाही का?’ मी समुपदेशन करते, आणि ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. कधी दारूवरून, कधी मोबाईलवरच्या नको त्या व्हिडिओंवरून, कधी लग्नाबाहेरच्या ओढीवरून. ज्यांच्याविषयी लिहितेय ते गृहस्थ जुगारावरून आले होते. त्यांच्या संमतीने लिहितेय, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

तिशीतले, अहिल्यानगर जिल्ह्यातले, एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघणारे. बायको नर्स, आई प्रार्थना सभा कधी न चुकवणारी. सुरुवात मोबाईलवरच्या रमीपासून झाली, मग क्रिकेटवर पैसे लावायला लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यांचं ॲप बंद पडलं. तेव्हा त्यांनी उपासनेत उभं राहून साक्ष दिली, की प्रभूने मला सोडवलं. कशातून, ते मात्र सांगितलं नाही! दिवाळीच्या आत चोरट्या लिंका यायला लागल्या आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढलेलं, तिला पत्ता नाही.

आईचं निदान पक्कं होतं: दुष्ट आत्म्याचं काम. चर्चच्या पाळकांनी तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली होती. काही दिवस बरे गेले, मग परत तेच.

सैतान आहे की नाही, यावर मी समुपदेशनाला येणाऱ्यांशी वाद घालत नाही. पण वेळा विचारते. जीव नकोसा होतो का, हे त्याच्याही आधी विचारते. ‘कर्जवाल्याचा फोन आला त्या दिवशी झाला होता,’ ते म्हणाले. म्हणून पहिल्याच भेटीत मनोविकारतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी दिली आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिला. जुगाराचं व्यसन वैद्यकशास्त्र दारूच्या व्यसनाच्या रांगेतच बसवतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी, असं चर्चच्या मंडळीतले काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता, आणि प्रेषित पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो.

मग वेळांकडे वळलो. कुठल्या रात्री खेळता? बायकोची नाइट असते त्या. कुठे बसून? पलंगावर. हातात काय असतं? मोबाईल, कारण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलही ते मोबाईलवरच वाचत. रोज झोपण्याआधी ९१ वं स्तोत्र: ‘जो परात्पराच्या गुप्त स्थली वसतो, तो सर्वसमर्थाच्या सावलीत राहील.’ ते वाचता वाचता स्क्रीनच्या वरच्या कडेला एक पट्टी उतरायची, आजच्या मॅचवर दुप्पट बोनस. पुढे प्रभूची प्रार्थना, ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस, तर आम्हांला वाइटापासून सोडव’, आमेन, आणि बोट त्या पट्टीवर.

‘हे स्तोत्र शास्त्रात आणखी कुठे येतं, आठवतं?’ मी विचारलं. संडे स्कूलला शिकवलेला माणूस. लगेच म्हणाले, ‘मत्तयाचा चौथा अध्याय. मंदिराच्या शिरोभागी.’

‘तिथे ते कोण म्हणतं?’

जरा थांबले. ‘सैतान.’

मंदिराच्या टोकावरून खाली उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय, हे सैतान येशूला सांगतो, आणि ते वचन घेतो याच रक्षणाच्या स्तोत्रातून. येशू वचन खोटं आहे असं म्हणत नाही. पण उडीही टाकत नाही. परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको, असं शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं उत्तर देतो. ‘तुम्ही रोज रात्री त्या टोकावर चढूनच स्तोत्र वाचता,’ मी म्हटलं. त्यांना ते लागलं. त्यांची प्रार्थना खोटी नव्हती, पण ज्याच्यापासून राखायला सांगत होते तेच उशाशी घेऊन.

करिंथकरांस पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात, पौल लिहितो की परीक्षेबरोबर देव तिच्यातून निभावण्याचा उपायही करतो. म्हणून मी विचारलं, ‘मागच्या खेपेला तो उपाय कुठे होता?’ बराच वेळ आठवून बोलले. अकराला बायकोचा वॉर्डातून फोन आला होता, तो कापला. बाहेरच्या खोलीत आई जागीच होती. दोन वाटा उघड्या होत्या. योसेफाचा धनी पोटीफर, त्याच्या बायकोने मोहात पाडायला वस्त्र धरलं तेव्हा योसेफ ते तिच्या हातात सोडून पळाला. तिथे गुडघे टेकले असं उत्पत्तीत कुठे लिहिलेलं नाही.

करायचं काय ते मग त्यांनीच ठरवलं. वडिलांचं छापील शास्त्र कपाटातून काढलं. रात्री मोबाईल आईच्या खोलीत ठेवायचा. पगाराचं खातं बायकोच्या हाती द्यायचं. या शेवटच्याला फार वेळ गेला, कारण त्यासाठी तिला सगळं सांगावं लागणार होतं. ‘ती चिडू नये म्हणून तुम्ही प्रार्थना करा, ताई.’ मी म्हटलं, चिडण्याचा तिला हक्क आहे. तुम्हाला खरं बोलायचं बळ मिळावं एवढं मी मागेन. ती चिडली, माहेरी गेली, परतली ते स्वतःच्या अटी घेऊन. पण आता त्यांच्याबरोबर जागं राहणारं कुणीतरी होतं. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेसुद्धा तिघांना सोबत घेऊन जागे राहा म्हटलं होतं, मग आपण एकट्याने लपून का झुंजायचं?

प्रार्थनेची वेळही बदलली. आता ती दिवेलागणीला होते, आणि नेमकी: ‘प्रभू, आज तिची नाइट आहे. मी आईजवळ बसतो. मला तिथून उठू देऊ नकोस.’ आईने दुष्ट आत्म्याचं मत सोडलेलं नाही, तिची तेलाची बाटली अजून आहे. असू दे. मोबाईल मात्र तीच सांभाळते.

मध्ये मोठ्या सामन्यांच्या दिवसांत एकदा घसरले, ऑफिसातल्या एकाच्या मोबाईलवरून. पूर्वी असं काही महिनोन्‌महिने दडून राहायचं. या खेपेला त्याच रात्री बायकोला फोन करून सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनाही. कर्जाचे हप्ते चालू आहेत. खातं परत कधी मिळणार, असं त्यांनी तिला विचारून पाहिलं. दागिने सुटल्यावर बघू, म्हणाली.