हत्यारे महाग घ्यावीत की स्वस्त?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज सुरू करीत आहे. सगळी हत्यारे महागडीच घ्यावीत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळी नकोत. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर यांत तापारियासारखा देशी माल उत्तम चालतो. पैसा घालावा तो सॉकेट (नटावर बसणारी पान्याची वाटी) आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळणारा पाना) यांवर. कारण हलक्या सॉकेटचे माप किंचित सैल असले, की गंजलेल्या नटावर जोर देताच ते सटकते, नटाचे कोपरे झिजून गोल होतात आणि पाच मिनिटांच्या कामात दुपार जाते. सॉकेट क्रोम व्हॅनेडियम पोलादाचे, आतून सहा कोनीच घ्यावे. बारा कोनी अशा वेळी लवकर घसरते. चकचकीत भल्यामोठ्या पेटीचा मोह मात्र टाळावा, दुचाकीला बहुतेक वेळा ८, १०, १२, १४ आणि १७ मिमीचीच मापे लागतात.